छोट्या मैफलीसाठी अ‍ॅम्प घेताना आधी गळ्याचा विचार करा

चार वर्षांपूर्वीची कोजागिरी. सोसायटीच्या गच्चीवर चाळीसेक माणसं, मधोमध मसाला दुधाचं पातेलं आणि एका कडेला मी, माझी गिटार आणि मित्राकडून उसना आणलेला इलेक्ट्रिक गिटारचा छोटा अ‍ॅम्प. त्याला दोन इनपुट होते, म्हणून माइकची वायरही त्यातच लावली होती. तीन गाणी झाली, टाळ्या पडल्या. दुधाचा पेला हातात देताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "चाल छान होती रे, पण शब्द काही कळले नाहीत." त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, माझ्यापासून जेमतेम सहा मीटरवर.

मराठी गाणं शब्दांसाठी ऐकलं जातं. भावगीत असो, अभंग असो की स्वतः रचलेलं गाणं, शब्द पोचले नाहीत तर निम्मं गाणं गायलंच नाही असं समजा. आणि अ‍ॅकॉस्टिक अ‍ॅम्प (साध्या लाकडी गिटारसाठी आणि गळ्यासाठी बनवलेला) घ्यायला गेलो की दुकानात सगळी चर्चा गिटारच्या आवाजाची होते. गिटार जवळजवळ कुठल्याही बऱ्या अ‍ॅम्पमधून बरी वाजते, खरी परीक्षा माइकच्या चॅनलची असते. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. वीस ते साठ माणसांसमोर, बहुतेक वेळा एकट्याने किंवा दोघांनी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी.

पहिली पायरी: वहीत तीन जागा लिहा

दुकानात जायच्या आधी, येत्या वर्षभरात तुम्ही खरोखर कुठे वाजवणार आहात त्या तीन जागा लिहून काढा. माझ्या वहीत होत्या: सोसायटीची गच्ची, एका मित्राचा कॅफे आणि घरगुती बैठक. प्रत्येक जागेसमोर तीन गोष्टी लिहा. सगळ्यात मागचा माणूस किती मीटरवर बसेल, जागा उघडी की बंद, आणि लोक गप्प बसून ऐकतील की बोलत-खात ऐकतील.

अंतर पावलांनी मोजलं तरी चालतं, पण मोजा. डोळ्यांनी अंदाज केला तर अंतर नेहमी कमी वाटतं. गच्चीवर मला शेवटची रांग पाचेक मीटरवर वाटायची, मोजली तेव्हा साडेआठ निघाली.

दुसरी पायरी: वॅटचं गणित एकदाच करा

वॅटच्या आकड्याला लोक फार घाबरतात किंवा फार भुलतात. थोडं गणित केलं की दोन्ही थांबतं.

स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, त्याला संवेदनशीलता म्हणतात. छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरसाठी ९० डेसिबल धरायला हरकत नाही. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात.

आता तीन अ‍ॅम्प घ्या: ५, १५ आणि ६० वॅट. १ मीटरवर त्यांचा कमाल आवाज साधारण ९७, १०२ आणि १०८ डेसिबल. मागचा माणूस ८ मीटरवर, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झालं, १८ डेसिबल गेले. उरले ७९, ८४ आणि ९०. पण गाण्यात आवाज एकसारखा नसतो. जोरात मारलेली कॉर्ड किंवा टिपेचा सूर सरासरीपेक्षा बराच वर जातो, आणि तेवढी मोकळीक अ‍ॅम्पकडे नसली तर तो फाटतो. ही मोकळीक १२ डेसिबल धरा. मग मागच्या माणसाला मिळणारा सरासरी आवाज येतो ६७, ७२ आणि ७८.

टेबलावरच्या साध्या गप्पा साठ-पासष्ट डेसिबलच्या आसपास असतात, भरलेला कॅफे सत्तरीच्या वर जातो. म्हणजे ५ वॅटचा अ‍ॅम्प त्या अंतरावर गप्पांत बुडणार. १५ वॅटचा कसाबसा तरंगणार. ६० वॅटचा आरामात वर राहणार. पण तोच ५ वॅटचा अ‍ॅम्प बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीत, वीस माणसं गप्प बसून ऐकत असताना पुरतो. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे तो इतक्या वेगाने पडत नाही.

याच गणितातून आणखी एक गोष्ट कळते. ३० आणि ६० वॅटमधला फरक फक्त ३ डेसिबल आहे, तो कानाला जाणवतो पण मोठा वाटत नाही. आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे '३० वॅटच्याऐवजी ४० वॅटचा घ्या, थोडेच पैसे जास्त आहेत' असं कोणी म्हणालं तर त्या जास्तीच्या पैशांत चांगली माइक केबल घ्या.

आणि डब्यावर पीएमपीओ (क्षणभराची फुगवलेली ताकद) म्हणून हजारांत छापलेला आकडा दिसला तर तो वाचूच नका. आरएमएस (सतत देता येणारी ताकद) किंवा नुसता 'रेटेड आउटपुट' किती आहे ते बघा. तो आकडा कुठेच दिलेला नसेल तर वस्तू तिथेच ठेवा.

तिसरी पायरी: नेमका कुठल्या जातीचा डबा हवा

इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प का चालत नाही, हे मला गच्चीवर कळलं. त्याच्या स्पीकरचा आवाज साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, आणि मधले काही सूर तो मुद्दाम उचलतो. इलेक्ट्रिक गिटारला तेच हवं असतं. पण 'स', 'श', 'च', 'थ' यांची धार त्याच वरच्या पट्ट्यात असते. ती गेली की गाणारा माणूस उशीतून गातोय असं वाटतं.

अ‍ॅकॉस्टिक अ‍ॅम्पमध्ये मोठ्या स्पीकरसोबत बहुतेक वेळा ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांसाठी वेगळा छोटा स्पीकर असतो, आणि तो जे आत येतं ते शक्यतो तसंच बाहेर काढतो. म्हणून त्यात गळाही नीट जातो.

दुसरा पर्याय पॉवर्ड स्पीकरचा, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला आठ किंवा दहा इंची पीए स्पीकर, दोन इनपुटवाला. लग्नाच्या हॉलमध्ये उभे असतात त्यांचाच छोटा भाऊ. तुम्ही मुख्यतः गायक असाल, गिटार साथीला असेल आणि बजेट कमी असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की याच जातीत आधी शोधा. त्याच पैशांत गळा जास्त मोकळा येतो. अट एकच: तुमच्या गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा, नाजूक सिग्नल उचलून देणारा प्रीअ‍ॅम्प हवा, किंवा मध्ये लावायला वेगळा प्रीअ‍ॅम्प. कारण पुढे सांगतो.

तिसरा मोह चाकं आणि रंगीत दिवेवाल्या ट्रॉली स्पीकरचा. स्वस्त, बॅटरीवर चालणारा, सोबत वायरलेस माइक फुकट. वाढदिवसाच्या निवेदनाला ठीक. पण त्यातला बेस मुद्दाम फुगवलेला असतो, आणि बऱ्याच डब्यांत माइकवरचा एको पूर्ण बंदच होत नाही. गाण्यासाठी घेऊ नका. ब्लूटूथवरून गिटार किंवा माइक जोडायचा विचारही सोडा. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून जास्त उशिरा येतो. तानपुऱ्याचं अ‍ॅप वाजवायला तो उत्तम, जिवंत वाद्याला अजिबात नाही.

चौथी पायरी: माइकचा चॅनल

इथे वेळ घाला. बाकी सगळं थोडंफार जुळवून घेता येतं, हे येत नाही.

आधी मागचं पॅनल बघा. माइकसाठी तीन पिनांचं एक्सएलआर इनपुट हवं, किंवा एक्सएलआर आणि मोठा जॅक दोन्ही बसणारं कॉम्बो इनपुट. नुसतं मोठ्या जॅकचं भोक दाखवून विक्रेता म्हणेल, "माइकपण लागतो." लागतो, पण बहुतेक वेळा ते भोक गिटार-कीबोर्डच्या तगड्या सिग्नलसाठी असतं. साधा डायनॅमिक माइक काही मिलिव्होल्टच देतो, त्याला आत आल्याबरोबर उचलून धरणारा माइक प्रीअ‍ॅम्प लागतो. तो नसला तर तुम्ही व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवता आणि गळ्यापेक्षा खरखर जास्त येते. कॉम्बो इनपुटमध्येही अनेकदा एक्सएलआरची बाजू माइकसाठी आणि जॅकची बाजू लाइनसाठी, म्हणजे त्या तगड्या सिग्नलसाठी असते. म्हणून एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला जॅक असलेली स्वस्त माइक वायर बाजूला ठेवा, आणि दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली केबल घ्या. एवढ्याने माझ्या ओळखीच्या दोघांना नवा अ‍ॅम्प घ्यावा लागला नाही.

मग बघा, माइकच्या चॅनलला स्वतःचे बेस आणि ट्रेबल आहेत का. हे महत्त्वाचं आहे, कारण माइक ओठांजवळ आणला की खालचे सूर आपोआप फुगतात. माइकचा बेस कमी करावाच लागतो, आणि त्याच वेळी गिटारचा बेस तुम्हाला हवा असतो. दोघांना एकच टोन कंट्रोल असेल तर एकाला उपाशी ठेवावं लागतं. रिव्हर्बही (आवाजाला दिलेला घुमारा) चॅनलनिहाय कमी-जास्त करता येत असेल तर उत्तम. शब्दांवर रिव्हर्ब जेवढा कमी तेवढं बरं.

फँटम पॉवर म्हणजे कंडेन्सर जातीच्या, जास्त नाजूक माइकला लागणारी ४८ व्होल्टची सोय. डायनॅमिक माइकला ती लागत नाही, आणि छोट्या कार्यक्रमाला डायनॅमिकच बरा, तो आजूबाजूचं कमी उचलतो. शुअरचा एसएम ५८ हा डायनॅमिक माइक १९६६ पासून बनतो आहे आणि आजही निम्म्या जगाच्या स्टेजवर तोच दिसतो. फँटम नाही म्हणून चांगला अ‍ॅम्प नाकारू नका.

आता कसोटी. ही मी स्वतः बनवली आहे आणि दुकानात करून बघितली आहे. एका कागदावर हे शब्द लिहा: काळ, काल, खाल. माळ, माल. शाल, साल, साळ. टाळ, ताल, थाळी. पाठ, पाट, पात. चार, छान, सार. सोबत कोणाला तरी न्या. त्यांना दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, तुमच्याकडे पाठ करून उभं करा आणि हातात वही द्या. तुम्ही माइकवरून हे शब्द उलटसुलट क्रमाने, नेहमीच्या गाण्याच्या जोरात म्हणा, आणि त्यांनी ऐकू आलं ते लिहावं. ओठ दिसत नाहीत आणि मागचा-पुढचा संदर्भ नाही, त्यामुळे मेंदूला अंदाज बांधता येत नाही. माझ्या बायकोने पहिल्या अ‍ॅम्पवर सतरातले सहा चुकवले, दुसऱ्यावर एक. पहिला अ‍ॅम्प सात हजारांनी महाग होता. गिटार त्यातून खरोखर जास्त गोड येत होती. मी दुसरा घेतला.

पाचवी पायरी: गिटारचं इनपुट आणि इतर वाद्यं

बहुतेक अ‍ॅकॉस्टिक गिटारमध्ये ब्रिजखाली पिएझो पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारी पट्टी, असतो. त्याचा सिग्नल नाजूक असतो, आणि त्याला साधारण १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त इम्पीडन्सचं इनपुट लागतं. तसं मिळालं नाही तर खालचे सूर गळून जातात आणि गिटार पत्र्यासारखी वाजते. गिटारच्या कुशीवर नॉब आणि ९ व्होल्टच्या बॅटरीची जागा असेल तर प्रीअ‍ॅम्प आतच आहे, चिंता नाही. नसेल तर अ‍ॅकॉस्टिक अ‍ॅम्पचं वाद्याचं इनपुट हे काम करतं. पॉवर्ड स्पीकरचं लाइन इनपुट सहसा करत नाही. वर घातलेली अट यासाठीच.

दोन सोयी असल्या तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही: फेजचं बटण (आवाजाची लाट उलटी करणारं) आणि नॉच फिल्टर. आवाज वाढवला की गिटारचं पोट स्वतःच घुमायला लागतं, साधारण १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात. फेजचं बटण दाबलं की बऱ्याचदा ते घुमणं निघून जातं. नाहीच गेलं तर नॉच फिल्टर तेवढाच एक सूर कापतो. दोन्ही नसतील तर गिटारच्या भोकात बसणारं रबरी झाकण घ्या. काही शेकड्यांत मिळतं आणि भरपूर काम करतं.

हार्मोनियम असेल तर साठ माणसांपर्यंत तिला माइक लावूच नका. तिचा आवाज मुळात मोठा आहे, आणि तिच्यासाठी ठेवलेला माइक गळ्यापेक्षा भात्याचा खडखडाट जास्त पकडतो. तबल्याचंही तसंच. शिवाय डग्ग्याचा खालचा नाद पाच इंची स्पीकरला पेलत नाही, तो थरथरतो आणि त्याच्या नादी गळाही खराब होतो. तानपुऱ्यासाठी ऑक्स इनपुट (मोबाइलची वायर लावायची जागा) असावं, आणि त्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करता यावा.

सहावी पायरी: वजन, बॅटरी, व्होल्टेज

मी स्कूटरवर जातो. त्यामुळे माझी कसोटी साधी: गिटार पाठीवर, अ‍ॅम्प पायाशी, आणि पोचल्यावर एका हाताने तीन मजले. ९ किलोपर्यंत जमतं. १६ किलोचा अ‍ॅम्प दुकानात दोन पावलं उचलून बघितला तर जड वाटत नाही. तो पाच मिनिटं हातात धरून उभे राहा. लोकलने जाणाऱ्यांनी तर ५-६ किलोच्या वर विचारच करू नये.

बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचा फायदा नुसता वीज नसलेल्या जागेपुरता नाही. गच्चीवर, बागेत, देवळाच्या ओवरीत प्लग असतो, पण अर्थिंगचा भरवसा नसतो, आणि अर्थिंग नसलं की घूंऽऽ असा आवाज येतो. बॅटरीवर तो प्रश्नच उरत नाही. तोटा हा, की काही अ‍ॅम्प बॅटरीवर कमी वॅट देतात. डब्यावरचा मोठा आकडा विजेवरचा असू शकतो, बॅटरीवरचा मॅन्युअलमध्ये बघा. साधे एए सेल लागणारा अ‍ॅम्प असेल तर रिचार्जेबल सेलचे दोन संच ठेवा, एक चालू आणि एक खिशात. आत बसवलेली लिथियम बॅटरी असेल तर ती पुढे बदलून मिळते का, हे घेतानाच विचारा.

अमेरिकेतून येणाऱ्या भावाला किंवा मुलीला अ‍ॅम्प आणायला सांगणाऱ्यांसाठी: तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. अ‍ॅम्पच्या मागे किंवा अ‍ॅडॉप्टरवर '१००-२४०' असं छापलं असेल तर नुसती पिन बदलून चालेल. फक्त '१२०' लिहिलं असेल तर इथे थेट लावला की जळेल. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो स्वतःच दोन-तीन किलोचा, आणि एखाद्या दिवशी घाईत कोणीतरी थेट प्लग लावणार हे नक्की.

सातवी पायरी: बजेट आणि नावं

दहा हजारांच्या आतबाहेर असाल तर देशी क्यूब अ‍ॅम्प बघा. स्ट्रेंजरसारख्या कंपन्यांचे क्यूब गल्लोगल्ली दिसतात आणि दुरुस्तीही कुठेही होते, ही मोठी जमेची बाजू. पण वरची शब्दांची कसोटी इथे सगळ्यात कडक करा, कारण याच गटात माइकचा चॅनल सगळ्यात कच्चा असतो.

वीस-पंचवीस हजार असतील तर पॉवर्ड स्पीकर नवा, किंवा चांगला अ‍ॅकॉस्टिक अ‍ॅम्प वापरलेला. मी दुसरा रस्ता घेतला.

वापरलेल्यात नजर ठेवण्यासारखे दोन मॉडेल. फिशमनचा लाउडबॉक्स मिनी: ६० वॅट, साडेसहा इंची स्पीकर आणि एक इंची ट्वीटर, दोन चॅनल, वजन ९ किलोच्या आसपास. तो विजेवरच चालतो, बॅटरीवाला हवा असेल तर त्याचीच चार्ज नावाची आवृत्ती आहे. दुसरा रोलंडचा एसी-३३: विजेवर ३० वॅट, आठ एए सेलवर २० वॅट, आणि वजन पाच किलोच्या आत. लोकलने फिरणाऱ्याला हाच. आठ मीटरपुढे मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, गणित वर केलंच आहे. रोलंडचाच क्यूब स्ट्रीट सहा एए सेलवर चालतो, पण तो एकूण ५ वॅटचा आहे. शांत बैठकीला गोड, कॅफेला अपुरा. मार्शलचा एएस५०डी आवाजाला भरदार आहे, त्यात फँटमही आहे, पण १६ किलो. स्वतःची गाडी असलेल्यांनी जरूर ऐकावा. बोसचा एस१ प्रो सात किलोचा, बॅटरीवर चालणारा, तीन चॅनलचा आणि गळ्याला फार चांगला आहे. किंमत या लेखाच्या बजेटबाहेर जाते, पण दोघांत मिळून घेणारी माणसं मी पाहिली आहेत आणि तो व्यवहार शहाणपणाचा आहे.

आठवी पायरी: दुकानात आणि वापरलेला घेताना

मुंबईत असाल तर धोबी तलावाला फुर्टाडोजसारख्या वाद्यांच्या दुकानात बसून ऐकता येतं. पुण्यात केबल, कनेक्टर, सेल, स्टँड यांसाठी तपकीर गल्ली. पण अ‍ॅम्प कानांनी ऐकल्याशिवाय घेऊ नका. आपली गिटार, आपला माइक, आपली केबल घेऊन जा. दुकानातल्या महागड्या गिटारवर सगळंच छान वाटतं.

सगळे टोन कंट्रोल मध्यावर आणि रिव्हर्ब शून्यावर ठेवून सुरुवात करा. विक्रेत्याने आधीच रिव्हर्ब चढवून ठेवलेला असतो. मग शब्दांची कसोटी. मग खालची ई तार जोरात छेडा, तिचा सूर ८२ हर्ट्झचा असतो. डबा कुठे खडखडतो का, स्पीकर फाटतो का ते ऐका. मग काहीच न वाजवता व्हॉल्यूम तीन चतुर्थांशपर्यंत नेऊन खरखर किती येते ते ऐका.

वापरलेला घेत असाल तर प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा. थोडी कुरकुर झाली तर क्लीनरने जाते, पण एखाद्या जागी आवाजच गेला तर नॉब बदलावा लागेल. जॅक लावून हलकेच हलवा, आवाज तुटला तर आतलं डाखकाम सुटलेलं आहे. ट्वीटरला कान लावून 'स्स्स' करा. ट्वीटर मेलेला असला तरी गिटारवर पटकन कळत नाही. मी असाच एक अ‍ॅम्प घेऊन घरी आलो होतो. विकणाऱ्यालाही माहीत नसावं, तो फक्त गिटार वाजवायचा. अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे ना, तेही बघा. सेलवाला अ‍ॅम्प असेल तर सेलचा कप्पा उघडा. आत हिरवट-पांढरी पावडर दिसली तर सेल फुटून गळले आहेत, किंमत पाडून घ्या किंवा सोडून द्या.

नववी पायरी: कार्यक्रमाच्या दिवशी

अ‍ॅम्प कुठे ठेवता यावर निम्मं काम अवलंबून आहे. ट्वीटरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. लोक खुर्च्यांवर असतील तर त्यांचे कान जमिनीपासून सव्वा मीटरवर असतात, आणि अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला तर शब्द पहिल्या रांगेच्या गुडघ्यांना ऐकू जातात. स्टुलावर किंवा स्टँडवर ठेवा. सतरंजीवरची बैठक असेल तर कान पाऊण मीटरवर येतात, तिथे एक पाट आणि मागे थोडी कलती टेकण पुरते. भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका, बेस फुगतो.

स्वतःच्या पाठीमागे ठेवला तर तुम्हाला छान ऐकू येतं, पण अ‍ॅम्पचं तोंड थेट माइककडे होतं आणि शिट्टी येते. स्वतःच्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे आणि किंचित आत वळवून ठेवा. डायनॅमिक माइक सहसा कार्डिऑइड असतो, म्हणजे समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं जवळजवळ ऐकत नाही. त्याची पाठ अ‍ॅम्पकडे राहील असं बघा. माइकची जाळी मुठीत धरायची सवय असेल तर सोडा, मूठ बसली की ही दिशाच संपते आणि शिट्टी हमखास येते.

आवाज लावताना आधी माइक. गिटार बंद ठेवून गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतका उचला, माइकचा बेस थोडा कमी करा, मग गिटार खालून हळूहळू वर आणा आणि शब्द झाकले जायच्या जरा आधी थांबवा. गिटार आधी लावली की ती मोठी होते, मग गळा तिच्यावर चढवायला जावं लागतं आणि शिट्टी सुरू होते. एक मित्र शेवटच्या रांगेत बसवा. त्याला 'आवाज कसा येतोय' असं विचारू नका, तो 'मस्त' म्हणेल. 'दुसरी ओळ काय होती' असं विचारा.

नियमही लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात बंद सभागृहाबाहेर तो लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस जाहीर झालेले असतात, तुमच्या गच्चीच्या सोयीने ठरत नाहीत. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र वेगळं. कोजागिरीला आम्ही आता साडेआठला सुरू करतो, आणि शेवटची दोन गाणी अ‍ॅम्प बंद करून, सगळ्यांना जवळ बसवून गातो.

आवरताना आधी दोन्ही चॅनलचे व्हॉल्यूम शून्यावर आणा, मग अ‍ॅम्प बंद करा, मग केबल काढा. चालू अ‍ॅम्पमधून गिटारची पिन ओढली की धप्प आवाज होतो, आणि तो धक्का ट्वीटरला बसतो. व्हॉल्यूम शून्यावर आणायच्या आधी सगळ्या नॉबचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी त्याच जागी पाच मिनिटांत आवाज लागतो. महिनाभर कार्यक्रम नसेल तर एए सेल काढून ठेवा. आणि पावसाळ्यात अ‍ॅम्पच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. बुटांच्या खोक्यात येतात त्याच चालतात.